मधल्या खोलीसाठी लेन्स

मिरजगाव
सोमवार, ता. ९ ऑक्टोबर १९७२

वसंता नागापूरहून आला. टॉवेलात गुंडाळून कॅमेरा आणला. त्याच्या कारखान्यातले एक साहेब बदलून गेले, जाताना त्याला देऊन गेले. जर्मन आहे. हातात घेतला की वजन कळतं. पण पुढे लेन्सच नाही. साहेबांच्या हातून पडली नि फुटली म्हणे. तिच्या जागी वाटोळं भोक, आत तिरका आरसा.

सरूनं अंथरुणावरूनच पाहिला. "ह्यो तर आंधळा हाय," म्हणाली.

वसंता म्हणाला, "आई, डोळा नगरला मिळतो. अण्णा जाऊन पसंत करतील."

नंतर ओट्यावर मला हळूच सांगितलं. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलेलं. काळीज मोठं झालंय, पायांची सूज आता उतरायची नाही. दिवाळीपर्यंत म्हणाले का दिवाळीनंतर म्हणाले, ते मी दोनदा विचारलं. 

बुधवार, ता. ११

चाळीस वर्षं लोकांचे फोटो काढतोय. सरूचा एकही नाही.

आमच्या लेकीचा, कमळचा, काढला होता. दीड वर्षाची होती, झग्याला माझ्या हातानं बटण लावलं. आठ दिवसांत तापानं गेली. सरू मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त परत कधी कॅमेऱ्यापुढे आली नाही. वसंताच्या लग्नात सगळे ओळीनं उभे राहिले तेव्हा ही चुलीपाशी जाऊन बसली. बाकी कामं सगळी केली. फोटोच्या काचा धुतल्या, कागद धुतले, दोरीवर वाळत घातले. बायकांना सांगायची, "समद्या तालुक्याची मढी म्या न्हाऊ घातली."

मढीच जास्त. आमच्या भागात जिवंतपणी फोटो काढायला कुणाला सवड नसते. माणूस गेला की मग मला बोलावणं. खुर्चीत बसवायचं, पाठ धोतरानं खुर्चीला बांधायची, पटका नीट करायचा. डोळे मिटलेले असतात. ते मी नंतर कागदावर कुंचल्यानं उघडे करायचे. लोक म्हणतात, हुबेहूब.

सरूचे डोळे मला रंगवायचे नाहीत. एवढंच आहे.

शुक्रवार, ता. १३

नगरला जाऊन आलो. एस.टी.त उभा राहून. सगळी गाडी दुष्काळी कामावर निघालेल्यांची, प्रत्येकाच्या मांडीवर घमेलं.

शब्बीरभाईच्या दुकानात गेलो. तीस वर्षांची ओळख, जुन्या कॅमेऱ्याचा भाता त्यानंच दोनदा शिवून दिलाय. ह्या बॉडीला पेचाची, म्हणजे आट्यांवर फिरवून बसवायची लेन्स बसते म्हणाला. तीन काढून फडक्यावर ठेवल्या. तिन्ही साध्याच, म्हणजे माणूस डोळ्याला दिसतो तेवढाच दाखवणाऱ्या. फरक तोंडाचा, आकडा लहान तेवढं तोंड मोठं.

पहिली जर्मन, कोरी. तोंड लहान, दोन पॉइंट आठ.
दुसरी रशियन. दोन नंबर. जड, नि दोन कडी फिरवायची, आधी एक मग दुसरं.
तिसरी जपानी, वापरलेली. एक पॉइंट चार. काचेवर केसाएवढी रेघ. तोंड केवढं! आत बघितलं तर विहिरीत बघितल्यासारखं.

म्हटलं, अंधाऱ्या खोलीत काढायचाय. दिवा नाही, फ्लॅशचा बल्ब फोडायचा नाही. माणूस आजारी आहे.

शब्बीरभाई म्हणाला, "चाचा, मग ही जपानी घ्या. उजेड पितेय नुसती. पण एक आहे. एवढी उघडली की नाक पकडाल तर कान सुटतो. नजर पक्की पाहिजे. छोटी लेन्स माफ करते, ही नाही करत."

"नि छोटीला उजेड कमी."

"कमी. मग वेळ जास्ती द्यायचा. माणूस हलला की गेला."

सरू हलते. श्वास घेतानाच सगळी हलते. उशांना टेकून बसते नि खांदे वर-खाली होत असतात.

एकही न घेता परत आलो. एस.टी.त बसल्यावर वाटलं, रशियनच घ्यायला हवी होती. चिचोंडी आल्यावर वाटलं, बरं झालं नाही घेतली.

शनिवार, ता. १४

खाट अंगणात नेऊन साध्या उजेडात काढता येईल, हे वसंतानं सुचवलं होतं. त्याला कळत नाही. एक तर ही धूळ. पाऊस नाही, सगळं रान उडून घरात येतंय, सरूला खोकल्याची उबळ आली की अर्धा तास जातो. दुसरं म्हणजे गल्ली. माझ्या कॅमेऱ्याची तिकाटी कुणाच्या दारात उभी राहिली की लोक टोपी काढून येतात. इतकी वर्षं त्यांनी तेच पाहिलंय. अंगणात तिची खाट नि समोर माझी तिकाटी दिसली तर शेजारणी रडायलाच बसतील. सरूला ते कळतं.

म्हणून मधली खोलीच. छपरात एक काच आहे, दुपारी बाराच्या सुमाराला तिच्यातून पट्टा पडतो. तेवढाच उजेड. बल्ब फोडला तर ती दचकेल. परवा पातेलं पडलं तर दचकून काळीनिळी झाली.

सकाळपासून हाच घोळ. लहान तोंड घेतलं तर ती हलणार. मोठं घेतलं तर माझी नजर. डाव्या डोळ्यानं तसंही कमी दिसतं. उजवा चांगला आहे. म्हणजे होता. नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी चैत्रात सांगितलं, मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू. सरूला सांगितलेलं नाही, व. ला पण नाही.

सरूनं विचारलं, "काय ठरलं?"

म्हटलं, तिन्हींत काही ना काही आहे.

"लेन्स बघायला गेल्ता का पोरगी? एक ठेंगणी, एक जाड, एकीच्या गालावर व्रण. मला बघायला आल्तं तवा एवढं न्हाई बघितलं."

म्हटलं, तेव्हा तुझ्या बापानं तुला पुरतं बघूच दिलं नव्हतं.

हसली. मग दम लागला. हसवायला नको होतं.

कुणासाठी लेन्स घेतोय हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

सोमवार, ता. १६. खंडेनवमी

हत्यारांची पूजा. जुना लाकडी कॅमेरा पुसून पाटावर ठेवला. शेजारी ही जर्मन बॉडी. भोकात धूळ जाऊ नये म्हणून बाटलीचं बूच तासून बसवलंय. हळदकुंकू कुठं लावायचं कळेना, बुचालाच लावलं. सरूनं भिंतीला धरून दोन पावलं येऊन अक्षता टाकल्या. उभीच होती मिनिटभर. छपरातल्या काचेचा उजेड तिच्या अर्ध्या तोंडावर. मी नुसता बघत राहिलो. हातात बूच लावलेला कॅमेरा.

गुरुवार, ता. १९

निंबोडीकडच्या एका वाडीवरून बोलावणं आलं. म्हातारा गेलेला. जुना कॅमेरा घेऊन बैलगाडीनं गेलो. जुन्या मापाच्या काचा आता कुठं मिळत नाहीत, तीन उरल्या होत्या, त्यातली एक वापरली. लेन्सवरची टोपी काढली, चार आकडे मोजले, टोपी लावली. म्हातारा हलला नाही.

येताना गाडीत एकच डोक्यात. मेलेल्याला कुठलीही लेन्स चालते. दोन पॉइंट आठ चालते, माझी जुनाट सुद्धा चालते. मी असाच घोळ घालत बसलो तर निवडायची वेळच येणार नाही. सगळ्यात लहान तोंडाची पुरेल, नि वेळ हवा तेवढा.

संध्याकाळी त्या म्हाताऱ्याचे डोळे रंगवायला घेतले. उजवं बुबुळ खाली गेलं. खरवडून पुन्हा केलं. पुन्हा खाली. कागद बाजूला ठेवला.

सरूच्या बुबुळाचा रंग आठवून बघितला. काळा का तपकिरी. पन्नास वर्षांचा संसार. आत जाऊन बघितलं तर झोपली होती.

रविवार, ता. २२

नगर. व. नागापूरहून दुकानात आला. कारखान्यात लेथवर असतो तो, खिशात माप घ्यायचं व्हर्नियर घेऊन आला नि तिन्ही लेन्सांचे पेच मोजले. शब्बीरभाईला हसू आवरेना. "अरे बाबा, बसते म्हटलं ना, तू काय तिचं लग्न लावतोस?"

दोघांनी मला मधे बसवलं. आज घेऊनच जायची. जपानी बॉडीला लावून दुकानाच्या आतल्या कोपऱ्याकडे धरली. शब्बीरभाईचा नोकर तिथं डबा खात बसला होता. उजेड खूप आला. पण उजेडात काय आहे ते... कडं फिरवलं. पुढे, मागे. पांढरट. वाटलं, काचेवरच्या रेघेनं असेल.

"दिसतंय का चाचा? नजर कशी आहे?"

"ठीक आहे," म्हटलं.

"त्याच्या मिशा दिसतात?"

"दिसतात." मिशा असतील म्हणून म्हटलं.

शब्बीरभाई मग कड्यावरचं काहीतरी समजावत होता, अंतराचे आकडे, कुठला कुठं बघायचा. मी मान हलवत होतो. व. ला संशय येतोय का, माझं सगळं लक्ष तिकडं. जपानी घेतली. नाही जमली तर बदलून देतो म्हणाला. भला माणूस.

दुकानाबाहेर आल्यावर व. म्हणाला, "अण्णा, त्या नोकराला मिशा न्हाईत."

  माझी पिशवी त्यानं घेतली.

मंगळवार, ता. २४

दोन दिवस लेन्स पुसतोय. मलमलीनं, मग हरणाच्या कातड्यानं. जुन्या कॅमेऱ्यातून तरी दिसतंय का म्हणून काळ्या कापडाखाली शिरलो. तिथंही दूध. म्हणजे लेन्सचा दोष नाही. आता बोलायचंच राहिलं नाही.

छोट्या तोंडाची घेतली असती तर नजर थोडी चुकली तरी चाललं असतं. मोठ्या तोंडाची घेतली ती अंधारासाठी. तर अंधार माझ्यातच.

लेन्स परत करावी. कॅमेराही. ह्या वयात हे कुणी सांगितलं होतं.

गुरुवार, ता. २६

सरूनं बोलावलं. मला वाटलं पाणी हवंय.

"बसा. कवापासनं दिसत न्हाई?"

म्हटलं, कुणी सांगितलं?

"सांगाया कशाला पायजे? चार दिस झालं, चहात माशी पडली तरी पिताय."

मग म्हणाली, "माझाच काढायचा हाय ना? मग सरळ म्हना की. मेल्यावर काढाल. माझं डोळं तुमी काढाल ह्या असल्या हातानं, एक वर एक खाली. पोरं भित्याल. आत्ताच काढा."

मला एकदम कमळ... म्हटलं, तुला चालेल का?

तिनं पेटीकडे बघितलं. मग म्हणाली, "तिचा काढला ते बरं केलं. मी कधी बोल्ले न्हाई तुमाला. तिचं तोंड आता त्यातच हाय." पेटीच्या तळाशी आहे म्हणाली, तिच्या लुगड्याखाली. चाळीस वर्षं मला वाटत होतं तिनं तो जाळला.

दिसत नाही त्याचं काय, हाही तोडगा तिचाच. "सुतळी घ्या. एक टोक माझ्या हातात, एक तुमच्या. माप ठरलं की बघायचं कशाला?"

बरोबर आहे. कड्यावर अंतराचे आकडे असतात. सुतळी मापायची नि आकडा जुळवायचा. चाळीस वर्षं धंदा मी केला नि हे तिला सुचलं.

शनिवार, ता. २८

काढला. बारा वेळा काढला.

शिंप्याची टेप आणून सुतळी मोजली, चार फूट, टोकांना गाठी. खाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्याला आणली, काचेच्या पट्ट्याखाली. सरूनं हिरवं लुगडं नेसलं, शेजारच्या जनानं नेसवलं. कुंकू स्वतः लावलं. जनाला सांगितलं, "बाहेर बोललीस तर बघ."

भिंग लावून कड्यावरचा चार शोधला. सापडला. रेघेवर आणला. सुतळीची एक गाठ सरूनं गालाच्या हाडाशी धरली, दुसरी मी कॅमेऱ्याला लावली. सुतळी ताठ झाली की "सोड" म्हणायचं नि बटण दाबायचं. आतून बघितलं तर ती धूसर होती. पण मला सगळंच धूसर दिसतं.

"हसू का?"

"नको. श्वास धर."

"श्वासच तर धरता येत न्हाई, मर्दा."

मर्दा म्हणाली. लग्नानंतर पहिल्या वर्षी कधीतरी म्हणायची.

बारा झाल्यावर थकली. पुढचे राहू दिले. रोलात चोवीस शिल्लक. कॅमेऱ्यात तसाच ठेवणार होतो, पण राहवेना. काळ्या कापडाखाली चाचपून काढलेला भाग कापला, काळ्या कागदात बांधला. व. उद्या येतोय, शब्बीरभाईकडे धुवायला नेईल. माझ्या हातावर आता भरवसा नाही.

किती दिवसांनी आज भाकरी गोड लागली. रेशनच्या मिलो ज्वारीची असून.

गुरुवार, ता. २ नोव्हेंबर

व. फोटो घेऊन आला. ओट्यावरच थांबला, आत येईना.

मी उन्हात धरले, भिंग लावलं. भिंत दिसली. मागची भिंत. तिच्यावरचे खिळे, एकेक. खुंटीला अडकवलेली चाळणी, चाळणीची भोकं. पोपडा गेलाय तिथली गवताची काडी. नि पुढे मधोमध काहीतरी वाफेसारखं. हिरव्या लुगड्याचं असावं. वर एक काळा ठिपका, कुंकवाचा.

बारा. बाराही.

व. नं लेन्स मागितली. कड्यावर आकड्यांच्या दोन ओळी आहेत. हिरवे फुटांचे, पांढरे मीटरचे. मला दोन्ही राखाडी दिसतात. मी पांढरा चार लावला होता. चार मीटर, म्हणजे तेरा फूट. तिथं भिंत होती. शब्बीरभाई दुकानात तेच समजावत होता, हिरवा बघा चाचा, हिरवा. मी तेव्हा मिशा बघत होतो.

"अण्णा, लेन्सनं काम चोख केलंय," व. म्हणाला. धीर द्यायला म्हणाला. त्याच्यापुढे रडलो. बापानं रडू नये.

सरूला सांगितलं, अजून धुवून आले नाहीत.

शनिवार, ता. ४

तिला कळलं. मी फोटो पाटीखाली ठेवले होते, जनानं पाटी उचलली. सरूनं ते एकेक करून डोळ्यांजवळ नेले. तिची नजर अजून सुईत दोरा ओवण्याएवढी आहे.

मी दारात उभा. काय म्हणेल...

"चाळण किती झाक आलीया," म्हणाली.

मग हसायला लागली. थांबेचना. "भितीचा फोटो काढला, भितीचा! आवो, भित कुटं चालली हुती? मी चाल्ले!"

मग उबळ. जनानं पाठ चोळली. व. डॉक्टरांना आणायला गेला. डॉक्टर बाहेर येऊन हात धूत राहिले.

दुपारी जरा शांत झाल्यावर तिनं खुणेनं बोलावलं. "उरल्यात ना अजून? पाडवा होऊ द्या. बसंन मी."

सोमवार, ता. ६

काल लक्ष्मीपूजन झालं. पणत्या जनानंच लावल्या.

व. नं कड्यावर हिरव्या चारापाशी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलाय, बोटाला लागतो असा जाड. मी कडं तिथं आणून वर चिंधी गुंडाळली, हलू नये म्हणून. आता त्याला हात लावायचा नाही. चोवीस बाकी आहेत. कॅमेरा तिकाटीवर, खाट मध्याला, सुतळीचं एक टोक तिच्या उशाशी बांधलंय. बाराचा पट्टा बरोबर उशीवर येतो. कालही आला, आजही आला.

सरू काल सकाळपासून कुशीवर आहे. भिंतीकडे तोंड. हाक मारली की हूं म्हणते. जनानं सांगितलं, "मामा, हलवू नका, आत्ता डोळा लागलाय."

पाडवा उद्या.

रात्रीचे साडेअकरा झाले असतील. सुतळीचं दुसरं टोक हातात धरून बसलोय. ढिली आहे. तिनं श्वास घेतला की मधूनमधून बोटाला जरा ओढ लागते.